चौकीचा शहीद कॉम्प्युटर

हैबतराव : कोणाचा विश्वास बसायचा नाय, मॅडम, पण आमचा कॉम्प्युटर ड्यूटीवर शहीद झाला. तुमच्या कागदावर तेवढंच लिवा.

चंद्रावती : कागदावर दोनच रकाने आहेत, हवालदार. ‘आपोआप बिघडला’ आणि ‘निष्काळजीपणानं बिघडवला’. राज्य सरकारनं पोलिसांच्या यंत्रांसाठी निधी दिला, त्यातून हा मे महिन्यात इथं आला. आज मी अलिबागहून तपासायला येते, तर हा गप्प.

हैबतराव : दुसऱ्या रकान्यात तेवढं नका जाऊ. शुक्रवारी रिटायर होतोय मी. तेहतीस वर्षांच्या नोकरीत एक लाल शेरा नाय. आमची चहावाली साक्षीदार हाय. बायजा, सांग गो मॅडमला.

बायजा : कुठलं? गणपतीतलं?

हैबतराव : तेच. गणपती तीन दिवसांवर आलेले. हमरापूरवरनं दोनशे मूर्तींचा टेम्पो चोरीला गेला. भरदुपार, चौकीत लाईट नाय, आणि हा आपसूक चालू झाला.

चंद्रावती : लाईट नसताना.

हैबतराव : म्हणून तर कोणाचा विश्वास बसत नाय. पडद्यावर टेम्पोचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, त्याच्या रोह्याच्या सासुरवाडीचा पत्ता.

बायजा : सासऱ्याचं नाव पण आलेलं. मी वाचलं ना.

चंद्रावती : तुम्हाला वाचता येतं, बाई?

बायजा : त्या दिवशी आलं.

चंद्रावती : बरं. मग रोह्याला कळवलं कोणी?

हैबतराव : त्यानंच. शेजारी वायरलेसचा सेट ठेवलेला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाय पण गुण लागला. सेटवरनं स्वतःच बोलला, ‘धाटावचा नाका बंद करा.’ आवाज थेट साहेबांचा. तिथं कारखान्यांची पहिली शिफ्ट सुटलेली, कामगारांनी बसगाड्या आडव्या घातल्या. दोनशे मूर्ती परत मिळाल्या, एका उंदराचं शेपूट मोडलं नाय.

बायजा : आन मग ह्यानं जीव सोडला.

हैबतराव : थोडा धूर आला. मी टोपी काढून उभा राहिलो.

(चंद्रावती पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण उघडते.)

हैबतराव : आता कशाला, मॅडम? गेलेल्याची चिरफाड बरी दिसत नाय.

चंद्रावती : पोलीस खात्यातला आहे, पोस्टमार्टम नको करायला? हे बघा. आपट्याचं पान. झेंडूच्या पाकळ्या. आणि हे कुंकू.

हैबतराव : ते दसऱ्याचं. बंदुका पुजल्या, लाठ्या पुजल्या, मग ह्याला कसा वगळणार? खात्याचं हत्यारच की. शिवाय शहिदाला फूल वाहायचं नाय तर कोणाला?

चंद्रावती : नारळही फोडलात?

हैबतराव : मानाचा. लांब, पायरीवर.

बायजा : पायरीवर कुठं? ह्याच्याच डोक्यावर. मी म्हणत व्हते, हवालदारदादा, जरा बाजूला घ्या...

हैबतराव : बायजा, दूध उतू जातंय बघ.

बायजा : दूध अजून घातलंच नाय.

चंद्रावती : पाणी आत उतरलंय. आणि इथं बघा, पार करपलंय. आत वीज खेळत असल्याशिवाय असं करपत नाही. हवालदार, तुमचा शहीद दसऱ्याच्या दिवशी नारळ फुटेपर्यंत ठणठणीत जिवंत होता.