फळीमागचं अक्षर

धाकटी : मशीन बंद कर दादा. आधी मशीन बंद कर आणि हा फोटो बघ. हे अक्षर कोणाचं आहे?

दादा : चष्मा कुठे गेला माझा...

वहिनी : डोक्यावर आहे.

धाकटी : चष्मा कशाला हवाय? स्वतःचं अक्षर माणूस लांबून ओळखतो.

दादा : माझं आहे.

धाकटी : किती सहज म्हणतोयस! शाळेच्या वहीबद्दल विचारत नाहीये मी.

वहिनी : अगं, काय झालंय ते नीट सांग तरी. आल्या आल्या सुरू. रंगाचे हात धुऊ दे मला, मग भांडा हवं तेवढं.

धाकटी : वकीलसाहेबांचं कपाट आठवतं? दोन वर्षांपूर्वी आपण केलेलं, पुस्तकांचं, भिंतभर? त्यांनी ऑफिस बदललं. कपाट नव्या दारातून आत जाईना, म्हणून हमालांनी पाठ खोलली. पाठफळीच्या आतल्या बाजूला हे लिहिलेलं. पेन्सिलीनं. वाच मोठ्यानं.

दादा : तू वाचलंयस ना.

धाकटी : वहिनीनं नाही वाचलेलं. वाच.

वहिनी : आण इकडे, मीच वाचते. "पाठ आणि आतले कप्पे सागाचे नाहीत. रबरवुड आहे. रंग देऊन सागासारखं केलं. मला माहीत होतं." खाली सही, तारीख. अगं बाई! अहो, हे तुम्ही लिहिलंत?

दादा : हो.

वहिनी : कधी?

दादा : पाठ ठोकायच्या आधी. तू जेवायला गेली होतीस.

धाकटी : चार वाजता फोन येणार आहे त्यांचा. मेसेजमध्ये एकच ओळ, "चारला फोन करतो, उत्तर तयार ठेवा." कोटेशनवर मी माझ्या हातानं लिहिलंय, 'संपूर्ण सागवान'. आणि वाचनालयाचं काम कोणाच्या शब्दावर मिळालं आपल्याला? त्यांच्याच! साठ खुर्च्या, बारा टेबलं. सोमवारी सही व्हायची होती. आता सही कसली, पाटी उतरवा आणि घरी बसा.

वहिनी : वाजले किती?

धाकटी : साडेतीन.

वहिनी : बसा मग. उभ्यानं डोकी चालत नाहीत.

धाकटी : मला बसायचं नाहीये. दादा, का केलंस असं? माझा राग आला होता तर माझ्याशी भांडायचं.

दादा : राग नव्हता.

धाकटी : मग काय होतं?

दादा : झोप लागत नव्हती. लिहिलं की लागायची.

वहिनी : घ्या! आणि मी दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या देतेय.

धाकटी : थांब, थांब. 'लिहिलं की लागायची' म्हणजे? हे एकच नाहीये?

दादा : नाही.

धाकटी : किती आहेत?

दादा : अकरा.

धाकटी : अकरा!

दादा : बारावं टेबल होतं. त्याला पाठ नसते. खालून लिहिलं.

धाकटी : अरे देवा! बारा घरांत जाऊन माझं प्रेत पुरून आलास तू.

वहिनी : आता कांगावा नको. स्वस्तातल्या रबरवुडचा ट्रक कोणी मागवला? "वहिनी, जरा गडद हात मार, आत कोण बघतंय," हे कोणाचे शब्द? माझी नखं अजून पिवळी आहेत त्या रंगानं.

धाकटी : माझे शब्द. हो, माझेच! कारण साग ओला आला होता, वकीलसाहेबांना महिन्यात कपाट हवं होतं, आणि हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. मी विचारलं होतं तुला, दादा. आतल्या बाजूला दुसरं लाकूड चालेल का, असं नीट विचारलं होतं. काय म्हणालास तू?

दादा : 'बघ बाई' म्हणालो.

धाकटी : 'बघ बाई!' उभ्या जन्मात दुसरं काही म्हणालास का तू? 'नाही' म्हणाला असतास तर मी केलं असतं? तुझ्या एका सांध्याला दोन दिवस लागतात. सांधा बघून लोक 'वा' म्हणतात आणि मग मला विचारतात, मॅडम, उशीर का? त्यांच्यासमोर मी उभी राहते. लाकूडवाल्यापुढे मी, बँकेत मी, खोटं बोलायची वेळ आली की तिथेही मीच. तू आपला इथे रंधा मारत बसायचास. हात स्वच्छ, मन स्वच्छ. पाप माझ्या वाट्याला, आणि पुण्य तेवढं तू फळीमागे लिहून घेतलंस!

वहिनी : हे मात्र खरं बोललीस.

दादा : तूसुद्धा?

वहिनी : का नको? तोंड दिलंय ना देवानं? भिंतीकडे तोंड करून खरं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. सांगायचं होतं तर वकिलाला सांगायचं, नाहीतर हिला. ते जाऊ दे, मला? मी तुमच्या शेजारी बसून रंग चोळत होते. मला एका शब्दानं नाही सांगितलंत.

दादा : तुला सांगितलं असतं तर सगळीकडे झालं असतं.

वहिनी : झालं असतं तर बरं झालं असतं! तेव्हा एकच कपाट होतं. चार शिव्या खाऊन मोकळे झालो असतो.

दादा : मलाही वाटलं होतं, एकदाच आहे. साग ओला, दिवस कमी, अडलं माणसाचं. पण दुसऱ्या वेळी साग कोरडा होता. तिथे त्या भिंतीशी रचून ठेवला होता मी, वर्षभर वाळवलेला. तरी रबरवुडचा ट्रक आला. तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं, चिमणे. तू फोनवर होतीस. हातानं खूण केलीस, उतरवून घ्या. मी उतरवून घेतलं.

धाकटी : मग तिथेच बोलायचं होतंस.

दादा : हो.

धाकटी : आता 'हो' म्हणून काय उपयोग? मी इतकी का वाईट आहे, दादा? ही जागा घेतली तेव्हा छत गळत होतं. मी बादल्या लावून ड्रॉइंग काढली आहेत इथे. पहिली दोन वर्षं लोक मला विचारायचे, मिस्त्री कुठे आहेत, बाईशी काय बोलायचं? त्या लोकांकडून मी 'मॅडम' म्हणवून घेतलं. आणि तू माझं नाव घेऊन मला उघडं पाडलंस!

दादा : नाव? तुझं नाव कुठे आहे त्यात?

धाकटी : नाही कसं...

दादा : दाखव. बाराच्या बारा खोलून आण. तुझं नाव एका जागी सापडलं तर हा हात करवतीखाली धरतो. 'मला माहीत होतं' असं लिहिलंय मी. खाली सही माझी. वडील शिकवून गेले, मालात खोट निघाली तर ती सुताराची. लाकूड खोटं वापरलं, पण सांधा एकही खोटा नाही त्यात, आणि तुझं नावही नाही. तुझ्यावर मी कशाला लिहीन? लहान आहेस तू.

धाकटी : आण तो फोन. परत वाचू दे. 'मला माहीत होतं.' मला.

वहिनी : काय झालं?

धाकटी : 'आम्हाला' असं नाही लिहिलेलं.

दादा : तेच सांगतोय मघापासून.

धाकटी : मालकिणीनं सांगितलं म्हणून केलं, असंही नाही.

दादा : नाही.

धाकटी : बाराही ठिकाणी हेच?

दादा : शेवटची ओळ अक्षरन् अक्षर हीच.

धाकटी : दादा, बस जरा. तिथे नको, इथे स्टुलावर बस, माझ्यासमोर.

वहिनी : आता काय नवीन?

धाकटी : वकीलसाहेब तुला ओळखतात?

दादा : कपाट बसवायला मीच गेलो होतो. दोन दिवस होतो तिथे. त्यांनी एकदा वर बघितलं, 'आवाज कमी करा' म्हणाले.

धाकटी : म्हणजे नाही ओळखत. मग असं बघ. त्यांना एवढंच कळायला हवं की लाकूड बदललं ते कारागिरानं. परस्पर. आपण साग दिला होता, त्यानं तो...

वहिनी : थांबलीस का? पुरं कर वाक्य.

धाकटी : ...बाहेर विकला.

वहिनी : म्हणजे चोर.

धाकटी : मी चोर म्हणाले नाही!

वहिनी : मग मालकाचा साग विकणाऱ्याला काय म्हणतात, साधू? अगं, लाज वाटू दे काहीतरी. तुला वाचवायला यांनी जे लिहायचं टाळलं, त्याचाच फास करून यांच्या गळ्यात घालतेस?

धाकटी : मग दुसरं सांग ना काहीतरी! वीस मिनिटं आहेत. खरं सांगू त्यांना? मग पुढे? बाकीचे अकरा जण येतील दारात. तुम्ही दोघं काय खाणार, मी काय खाणार? पाटीवर माझं नाव आहे, वहिनी. माझं गेलं तर सगळं जातं. याचं गेलं तर कोणाला कळणार आहे? याला ओळखतं कोण?

वहिनी : ऐकलंत?

दादा : ऐकलं.

वहिनी : मग बोला आता. एकदा तरी 'नाही' म्हणा हिला. 'बघ बाई' नको. नुसतं 'नाही'. दोन अक्षरं आहेत, जीभ झिजणार नाही.

दादा : ते विचारतील, तो माणूस आता कुठे आहे.

धाकटी : काढून टाकला म्हणून सांगेन. पण नुसतं मी सांगून त्यांचा विश्वास बसणार नाही, वकील आहेत ते. तूच बोल त्यांच्याशी. अक्षर तुझं, सही तुझी. दोन मिनिटांचं काम आहे. त्यांच्या कपाटाची पाठ मी बदलून देते, अस्सल सागाची. प्लीज, दादा.

दादा : वाचनालयाच्या खुर्च्या कशाच्या करणार आहेस?

धाकटी : सागाच्या.

दादा : बैठकीच्या खालची चौकट?

धाकटी : तीही.

दादा : नक्की?

धाकटी : बघू ना, दादा. आधी काम तर हातात राहू दे.

वहिनी : झालं समाधान? मिळालं उत्तर?

दादा : मिळालं.

(फोन वाजतो. चार वाजायला अजून दहा मिनिटं आहेत.)

धाकटी : हॅलो... हो साहेब, नमस्कार. हो, बघितला फोटो. मलाच धक्का बसलाय... नाही, तो इथेच आहे. हत्यारं न्यायला आलाय. तुम्ही त्याच्याशीच बोला साहेब, म्हणजे तुमची खात्री होईल... घे. घे ना, दादा. धर.

वहिनी : अहो, खरं बोला. फोन आहे हा, फळी नाही. समोर माणूस ऐकतोय.

दादा : हॅलो... हो, मीच... हो, सही माझीच आहे... साग विकला मी... कोणाला ते आता नाही सांगता येणार, साहेब... लिहिलं कशाला? मन खात होतं म्हणून लिहिलं... नाही, नाही. मॅडमना काहीच माहीत नव्हतं. मॅडम कागदावरचं बघतात. लाकडाचं सगळं माझ्याकडे होतं... आडनाव? हो, पाटीवर आहे तेच आहे. एका आडनावाची खूप माणसं असतात, साहेब... नाही. नात्यातला नाही. कामाला होतो... बरं. सांगतो. ठेवतो.

धाकटी : काय म्हणाले? दादा, काय म्हणाले ते?

दादा : आठ दिवसांत पाठ बदलून द्या म्हणाले. सोमवारी सहीला या. पोलिसांत जाणार नाहीत. आणि मॅडमना सांगा म्हणाले, यापुढे माणसं बघून ठेवत जा.

धाकटी : सुटलो! वहिनी, सुटलो आपण! दादा, मी हे मरेपर्यंत विसरणार नाही. आता असं कर, महिनाभर घरीच थांब. वकीलसाहेब इकडे आलेच आणि तू दिसलास तर पंचाईत. खुर्च्यांचं काम घरी पाठवते मी तुझ्याकडे, मागच्या खोलीत मशीन लावून देते. पगार चालू ठेवते. कोणाला काही कळायचं नाही.

वहिनी : ब्रश बादलीत ठेवलेत मी. रंगाचे डबे झाकून घे तू, हवा लागली की घट्ट होतात.

धाकटी : म्हणजे? तू कुठे निघालीस?

वहिनी : चोराची बायको आहे मी. ठेवशील कशी कामावर? चला हो.

धाकटी : वहिनी, असं काय करतेस? रागाच्या भरात बोलले मी मघाशी. दादा, तू तरी समजाव तिला... ही सगळी हत्यारं कशाला गोळा करतोयस? ती राहू दे, कोणी हात लावत नाही त्यांना. दादा! अरे, मी बोलतेय तुझ्याशी. दादा!

दादा : दादा नका म्हणू, मॅडम. नात्यातला नाही म्हणून सांगितलंय मी त्यांना. इतकं खोटं बोललो, त्यातलं एक तरी खरं असू दे.