डोंगरावरचं तळं

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात नंबरची वाट बघत होतो. शेजारी एक आजी आणि त्यांचा मुलगा वाद घालत बसले होते.

"डोंगरावरच्या त्या तळ्यापाशी हवा विरळ असते, आई. धाप लागेल."

"म्हणून तर पाठीवर बटाट्यांची पिशवी घेऊन रोज जिना चढते."

"शेजारी विचारतात, तुमची आई बटाटे विकते का?"

"सांग त्यांना, विकत नाही, सराव करते."

"डॉक्टर नाहीच म्हणणार."

"मग डॉक्टर बदलीन. तुला बदलता येत नाही, म्हणून ऐकून घेतेय."

माझी आई हळूच म्हणाली, "मलाही बघायचंय गं ते तळं." मी नुसती हसले.

आज तिचा स्वेटर माझ्या सॅकमध्ये भरताना मी मोठ्याने म्हणाले, "चल आई, तळं बघायला. कोण अडवतंय तेच बघते."