बजाबाईच्या सुनेची जट

बजाबाई : ऊठ. आदी त्या खुर्चीवरनं ऊठ. देवीच्या जटंला कात्री लावाय बसलीस व्हय गं?

सोनम : आत्या, दारात उभ्या राहून ओरडू नका. आत या, पंख्याखाली बसा. खालचे दुकानदार वर बघायला लागलेत.

बजाबाई : बघू देत की! मंद्रूपातनं धुरळा खात आलीया मी. घरात उद्याच्या मंगळवारची तयारी चाललीया, देवऋषी यायचाय, सवाष्णी सांगून ठेवल्यात, आन् जिच्या डोक्यात देवी आली ती हितं सोलापुरात पार्लरात!

सोनम : तुम्हाला आणलं कुणी?

बजाबाई : जोतिरामनं. खाली गाडीपाशी हुबा हाय.

सोनम : वा! सकाळी मला इथं सोडलं तेही त्यांनीच. म्हणाले, जा, काढून टाक, आईचं मी बघतो. बघितलं बरं का, चांगलंच बघितलं! दोन्ही डगरींवर हात ठेवणारा असा गडी आख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही.

बजाबाई : नवऱ्याला बोलती. पेठंतल्या दुकानात साड्या दाखवून दाखवून जीभ लई चालाय लागलीया तुजी.

दाक्षायणी : ओ मावशी, बसा की. पाणी घ्या. आणि ताई, तुम्ही पण ना! फोनवर मला काय म्हणालात? टायफॉईडमध्ये केस गेले, आता नवीन आलेत ते सगळे कुरळे, ताठ, फ्रिझी, आणि मागं एक गाठ झालीय. जट आहे म्हणून कुठं बोललात?

सोनम : कारण ती जट नाहीच. गाठ आहे.

दाक्षायणी : अय्यो, पण मावशी देवीची म्हणतात ना. मग मी नाही बाई हात लावणार. सिरम देते, मोठ्या दातांचा कंगवा देते, घरी जाऊन काय करायचं ते करा.

सोनम : मग भिंतीवर ती सर्टिफिकेटं कशाची टांगलीत? मोदक करायच्या स्पर्धेची?

दाक्षायणी : तसं बोलायचं काम नाही ताई. आमच्या अक्कलकोटकडं एकीनं जट कापली, तर वर्षाच्या आत तिच्या घरात—

सोनम : काहीतरी झालंच असेल. वर्षाच्या आत सगळ्यांच्याच घरात काहीतरी होतं. माझ्या घरात तर न कापताच झालं.

बजाबाई : आयकलंस? परकी पोर, पण देवीला भिती. आन् तू! अगं, नशीब उगडलंय तुजं. पाटलाची सून, जी कदी आमच्या उंबऱ्याला शिवली न्हाय, ती परवा नारळ घिऊन आली. पाया पडली तुज्या.

सोनम : माझ्या नाही, गाठीच्या. मला तिनं कशी आहेस म्हणून विचारलंसुद्धा नाही. आणि या बाया त्याच ना आत्या? टक्कल पडलं तेव्हा मी त्यांना पाणी घेऊन आले, तर तुम्ही मला दंडाला धरून आत ढकललंत. "ह्यो भोपळा घिऊन म्होरं येऊ नगंस" म्हणालात.

बजाबाई : मग काय करू? हसत हुत्या गं त्या! बजाबाईच्या सुनेला कसला रोग लागलाय, म्हणत हुत्या. मी नळावर गेले की समद्या गप. भावकीत तोंड दाखवाय जागा ठिवली न्हवतीस तू मला.

सोनम : मी? मी तापानं मरायला टेकले होते, आणि जागा तुमची गेली!

बजाबाई : आता त्याच बाया मला वाट देत्यात. कुणी हसत न्हाय. उद्या जटंला देवीचा भंडारा लागला की तुला बी बोलायची कुणाची छाती हुणार न्हाय.

सोनम : उद्या भंडारा लागला की मी संपले. मग जन्मभर कंगवा नाही, कात्री नाही. दुकानाची नोकरी गेली, शेट काय मला जट घेऊन गिऱ्हाइकापुढं उभी करणार आहे? मंगळवार-शुक्रवार ओसरीवर बसायचं, आणि जिनं मला रोगी म्हटलं तिनं येऊन वाकायचं. उवा झाल्या तरी त्या देवीच्या म्हणायच्या.

बजाबाई : शी! तोंड हाय का गटार?

सोनम : बरं, एक सांगा. मेंढी भिजली आणि ओल्या अंगानं दावणीला घासत राहिली, तर लोकरीचं काय होतं?

बजाबाई : मेंढी कुटनं आली मदीच?

सोनम : सांगा तर. जन्म मेंढरांत गेला तुमचा, लोकरीतलं तुमच्याएवढं कळतं कुणाला?

बजाबाई : कुनालाच न्हाय कळत. आताच्या पोरींना मेंढीची मान कुटं आन् शेपूट कुटं ते बी दावाय लागतंय. ओली लोकर घासली की गोळा हुतोय. मानंखाली हुतोय, शेपटाकडं हुतोय. त्यात काय सांगायचं? शेंबडं पोर सांगल.

सोनम : मग त्या गोळ्यापुढं नारळ फोडता?

बजाबाई : येडी का काय! कातरून फेकती. लोकर चांगली आसली तर बोटानं पिंजून सोडवती.

सोनम : आणि सुनेच्या डोक्यावर नवी लोकर आली, तर तिच्यावर तुमच्या लेकाचा निळा मफलर करकचून आवळायला लावलात. रोज न्हाऊन आले की ओल्यातच. शेजारणी उठायच्या आत. झोपतानासुद्धा सोडू दिला नाहीत, पहाटे दूधवाला बघेल म्हणून. दिवाळीपासून होळीपर्यंत तो उशीवर घासतोय. मग आत काय होणार? देवी?

बजाबाई : माणसाचं आन् मेंढराचं एक व्हय गं?

सोनम : तुमच्याकडं कुठं एक आहे? मेंढी आजारी पडली की तुम्ही तिच्यापाशी बसून राहता.

दाक्षायणी : ओ, ओ, भांडू नका की. असं करू. मी कापत नाही. नुसतं कंडिशनर लावून सोडवून बघते. कापणं नाही ना ते, मावशी? नवीन केस असतातच असे. वाळलेले विंचरायचे नाहीत, ओले घट्ट बांधायचे नाहीत, नाहीतर पिंजारून गुंततात. बसा ताई. मान खाली.

सोनम : आई गं!

दाक्षायणी : थोडं दुखेल.

सोनम : थोडं? मेले!

बजाबाई : आगं ए बये! आसं धरत्यात व्हय? टोकाला धरून वडतीया! मुळाशी चिमटीत धर आदी, म्हंजी कातडं वडत न्हाय. मेंढी आसती तर लाथ घातली आसती तुला.

सोनम : मी मेंढी नाही.

बजाबाई : मेंढी बरी. गप तरी ऱ्हाती.

दाक्षायणी : मावशी, मी कोर्स केलाय हो.

बजाबाई : दिसतोय कोर्स. सर बाजूला. ए सोनम, आयकून ठिव. मी नुसती सोडवणार. देवी आसली तर ह्यो गोळा सुटायचा न्हाय. मग उद्या तुज्या नाकावर टिच्चून भंडारा लावती, आन् तू तोंडातनं ब्र काढायचा न्हाय.

सोनम : आणि सुटला तर?

बजाबाई : सुटायचा न्हाय.

सोनम : सुटला तर, आत्या?

बजाबाई : तर... तर बगू. ती मलमाची बाटली हिकडं दे गं. आजून घाल. हात आखडता नगं घिऊ, पैसं देनार हाय.

(बजाबाई बांगड्या वर सारते.)

दाक्षायणी : मावशी, हात काय चालतो हो तुमचा! मला शिकवा की.

बजाबाई : तुला जमायचं न्हाय. बोटं मऊ हाईत तुजी. दुखतंय का गं?

सोनम : नाही.

बजाबाई : दुखलं तर सांग. उगं तोंड वाकडं करून बसू नगंस.

दाक्षायणी : अय्यो! सुटली की! हे बघा, निम्मी सुटलीसुद्धा. मावशी, आत हे निळं काय आहे?

बजाबाई : कुटं काय?

दाक्षायणी : आत्ता होतं की इथं.

बजाबाई : काय न्हाय. कचरा हाय.

दाक्षायणी : ताई, मफलरची लोकर होती निळी. मावशींनी मुठीत धरलीय.

सोनम : असू दे. उद्या तिलाच भंडारा लावतील, सवाष्णी जेवतील.

बजाबाई : लावीन, नायतर चुलीत घालीन. तुला काय करायचंय? उद्या बाया आल्यावर त्यांच्या तोंडाकडं मला बगायचंय. आदी रोगी हुती, मग देवी झाली, आता काय म्हनून सांगू?

सोनम : सांगा, सुनेला केस आलेत.

बजाबाई : हसतील.

सोनम : हसू देत की. तोंडानं तुम्ही तरी काय कमी आहात? आज मला, हिला, दोघींनाही धुतलंत. त्या पाटलाच्या सुनेपुढंच कशी वाचा बसते तुमची?

बजाबाई : बसती व्हय? उद्या बग. ए पोरी, तुज्या खिडकीतनं त्या खालच्याला हाक मार. म्हणावं देवऋष्याला फोन लाव, येऊ नगंस म्हणून सांग. तेवढं तरी हुईल का त्याच्यानं?

सोनम : होईल की. फोन लावतील, आणि मग त्याला गाडीवर बसवून घेऊनही येतील.

बजाबाई : हाय खरा तसाच. बापावर गेलाय.

दाक्षायणी : सांगितलं हो मावशी. लावतो म्हणाले. आई चिडलीय का, विचारतात.

बजाबाई : लई चिडलीया म्हणावं. हुबा ऱ्हा तितंच उनात. सोनम, केस लई बारीक हाईत गं तुजं. नव्या कोकराला आसत्यात तसं.

सोनम : पहिल्यांदाच हात लावलात तुम्ही त्यांना. आत्या, तेव्हा ताप होता... एकदा जरी असा हात डोक्यावर—

बजाबाई : गप. मान हलवू नगंस. कानामागं आजून एक गाठ हाय.