रंगरावचे वांगे फुडं गेले

...अन् वरून लोकंच इचारतात, रंगराव काहून हालत नाही! अरे, कसा हालीन बापा? तुमाले सांगतो, बसलेलं उठत नाही अन् उठलेलं थांबत नाही, ही दुनियेची रीतच हाय! धोंड्याले पाहा, बैलाले पाहा, नाही तं कारंजा गावच्या त्या प्रवासी मोटरले पाहा, हँडल मारू मारू मानसं घामाघूम झाल्याबिगर सकायी खोकतसुद्धा नाही!

तं हा रंगराव. कारंज्याच्या भाईर त्याचा वांग्या-मेथीचा मळा. बायको हौसाबाई पोळ्याच्या आंधी तापानं गेली, अन् हा ओसरीवर बसला तो बसला. रडला? नाही. बोलला? नाही. भाकर देली तं खाल्ली, नाही देली तं नाही. नाकावर माशी बसली, तं तीच कटाळून उडून जाय! वांगे झाडावर पिवळे पडून राह्यले, हा आपला ढिम्म.

शेवटी मोठी बहीन आवडाबाई आली. तिनं वांगे तोडले, टोपलं भरलं, अन् याच्या पाठीत दोन्ही हात देले, "ऊठ रे रंगा! आज शेलूबाजारचा बाजार हाय. मेलेल्या मानसासंगं घर नाही मरत!" तिनं असा ढकलला का उठलाच! अन् उठला तं चालतच राह्यला... मोटरचा अड्डा मागं गेला तरी याचे पाय चालूच, मोटरच्या किलिंडर पोरानं धावत जाऊन धरून आनला! मी म्हनलं ना, बसलेलं उठत नाही, उठलेलं थांबत नाही?

टोपलं टपावर, रंगराव बाकावर. वाटेत म्हैस आडवी आली, डायवरनं कचकन बिरेक दाबला, मोटर थांबली, पन रंगराव कुठी थांबते? गेला सरका फुडच्या बाकावरच्या गुलाबसिंगावर, टाळक्यावर टाळकं! गुलाबसिंग तांड्यातला रगेल गडी. भडकला ना!

"काहून रे, डोकं मारते मले?"

"मी नाही मारलं."

"मंग कोनं, म्हशीनं?"

"मलेही तेवढंच लागलं असन, भाऊ."

"असन म्हंजे? टेंगूळ आलं तुले! बोंबलत काहून नाही?"

रंगराव कपाळ चाचपते अन् म्हनते, "लागलं... पन समजूनच नाही राह्यलं."

गुलाबसिंगनं उगारलेली मूठ खाली केली.

अन् मोटर? ते तं बंदच पडली! हँडल मारलं, शिव्या मारल्या... काही नाही! किलिंडर बोंबलते, "उतरा, धक्का द्या! चालू झाली का धावत चढा, थांबली का मेली समजा!" सारे उतरले, रंगराव बसून. किलिंडर त्याले म्हनते, "ओ पागोटेवाले, तुमाले काय पालखी पायजे?" तवा गुलाबसिंगनंच हात धरून उतरवला, मोटरच्या मागं नेऊन लावला. ढकला! हालत नाही. ढकला! हालत नाही... अन् मंग रंगरावनं खांदा लावला. कोन जाने काय झालं, इतक्या दिसाचं अंगात थिजलेलं सारं त्या खांद्यात आलं, अन् मोटर खोकली, ठसकली, पळालीच! लोकं धावत चढले. पायरीवरून गुलाबसिंग हात लांब करून वरडते, "चढ भाऊ, चढ!"

रंगराव रस्त्यात उभा. पायच उचलेना! मोटर गेली, टोपलं गेलं, धुराळा राह्यला. त्या धुराळ्यात तो मटकन खाली बसला अन् रडला... लेकरावानी, गळा काढून. म्हैस पाहून राह्यली. पाहू दे.

मंग उठला, कोनी ढकललं नाही तरी, अन् पायी घरी आला. दारात आवडाबाई.

"वांगे?"

"गेले."

"कुठी?"

"शेलूबाजारले."

"अन् तू?"

"मी राह्यलो, बाई."

आवडाबाईनं तोंडाले पदर लावला. सुजलेले डोळे पाह्यले त्याचे, टेंगूळ पाह्यलं, हातावर पानी घातलं. जराशानं नाक पुसत म्हनते, "बापा, टोपलं शेजारनीचं व्हतं रे!"

रंगरावनं लांब उसासा टाकला.

"मंग काय... उद्या जाच लागीन."