एका श्रोत्याची गैरहजेरी

जयभीम, रामराम, नमस्कार. ज्याला जे चालते ते त्यानं घ्यावं. यादोरावजी सभेची सुरुवात अशीच करायचे, म्हणून मीही केली.

मी मेश्राम बाई. इथल्याच शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. बोलायची सवय आहे, माईकची भीती नाही.  पण आज टेबलाला टेकून बोलते, सांभाळून घ्या.

हॉल केवढा भरला आहे! मागे लोक उभे आहेत. जिन्यातही आहेत म्हणे. यादोरावजी, फोटोतून पाहून राहिले ना? वाचनालयाच्या या वरच्या हॉलमध्ये एवढी माणसं मी कितीतरी वर्षांनी पाहिली.

माझ्या आधी तिघे बोलले. एक म्हणाले, यादोरावजी गोंदियाच्या सांस्कृतिक जीवनाचे आधारवड होते. दुसरे म्हणाले, त्यांच्या सभांनी शहराला विचार दिला. छान बोलले. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, भाऊ, तुम्ही शेवटचे कधी आला होता? रागावू नका. मास्तरीण आहे, हजेरी घ्यायची खोड जात नाही. आणि आज सगळ्यात आधी मला माझीच हजेरी घ्यायची आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर यादोरावजींनी ही सभा सुरू केली. महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळी पाच. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग प्रश्न. विषय कोणताही, पण इथला. धानाच्या जुन्या जाती. पोवारी लग्नातली गाणी. चोरखमाऱ्याच्या तलावाला चोरखमारा काऊन म्हणतात, यावर तर आम्ही दीड तास भांडलो आणि कोणाचंच कोणाला पटलं नाही. सुरुवातीला तीस-चाळीस माणसं यायची. मग कोणी पोरांकडे नागपूरला गेलं, कोणी पुण्याला. कोणी वर गेलं. कोणी मोबाईलमध्ये गेलं. यादोरावजी बाजारात पत्रकं वाटायला गेले की दुकानदार म्हणायचे, "अरे अंकल, यहाँ किसके पास टाइम है?" ते हसायचे, आणि पत्रक ठेवूनच यायचे.

शेवटची दोन वर्षं आम्ही दोघंच उरलो. हो, दोघंच. एका महिन्यात मी बोलायची, ते ऐकायचे. पुढच्या महिन्यात ते बोलायचे, मी ऐकायची. पण थाट सगळा पुरा! टेबलावर चादर, पाण्याचा तांब्या, वक्त्याचा परिचय. अहो, माझा परिचय ते मलाच करून द्यायचे! मी म्हणायची, "यादोरावजी, कायले हे नाटक? चहा पीत बोलू ना." तर म्हणत, "नाही बाई. चहावर बोललो तं त्या गप्पा होतात. इथं आपून सभा घेऊन राहिलो." आणि उभं राहून म्हणत, "उपस्थित श्रोतृवर्ग." श्रोतृवर्ग म्हणजे मी.

आता जे सांगायला उभी आहे ते सांगते.

दोन महिन्यांपूर्वी माझी पाळी होती. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा माझी आई तरुण होती. त्यानंतर तिची जात्यावरची गाणी कशी बदलली, त्यावर मी बोलणार होते. तीन आठवडे तयारी केली. आठवून आठवून गाणी लिहून काढली. बोलता बोलता एक गाणं म्हटलं, वर पाहिलं, तर यादोरावजींची मान खाली. झोपले होते. बारीक घोरतही होते.

एकच श्रोता, आणि तोही झोपला! माझ्या आईच्या गाण्यावर झोपला! मी कागदाची घडी केली, पर्स उचलली आणि जिना उतरून गेले. त्यांना उठवलंसुद्धा नाही. रात्री त्यांचा फोन आला. "माफ करजा बाई, डोळा लागला." मी म्हटलं, ठीक आहे. ठीक काहीच नव्हतं.

मग मागच्या महिन्यात त्यांची पाळी. आदल्या दिवशी पुन्हा फोन. म्हणाले, "या वेळेस माह्या बापावर बोलतो, बाई. दरेकस्याकडं आमच्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे. मंडईले दंडार राहे, नाचगाण्याचा खेळ. माहा बाप त्या दंडारीत लुगडं नेसून बाई होत होता. पोट्टे मले चिडवत. मी शाळेत सांगून देल्लं का तो माहा बापच नाही."  मग म्हणाले, "हे आजवर कोणालेच नाही सांगितलं. पाऊन घंटा लागन. येजा जरूर."

मी म्हटलं, पाहू.

आणि मी गेले नाही. आजारी नव्हते. पाहुणे नव्हते. घरीच होते, तांदूळ निवडत. मनात म्हटलं, बसू दे एकटं, कळू दे कसं वाटते ते. पावणेसहाला फोन वाजला. नाव पाहिलं आणि फोन उलटा करून ठेवला. साठी उलटलेली बाई मी, पाचवीच्या पोरीसारखी रुसले.

त्या दिवशी इथं काय झालं ते या वाचनालयाच्या शिपायानं, रमेशभाऊनं, मला नंतर सांगितलं. चार वाजता आले. चादर अंथरली. वक्त्याच्या खुर्चीत बसून राहिले. साडेपाच झाले तरी बसलेच. रमेशभाऊला वाईट वाटलं. म्हणाला, "साहेब, बोलून टाका, मी ऐकतो." तर म्हणाले, "तू ऐक, पण थोडं थांब. बाई येऊन राहिल्या असतील. आत्ता सुरू केलं तं त्यांचं सुरुवातीचं राहून जाईन." सहा वाजता चादर घडी करून घरी गेले. चार दिवसांनी, गुरुवारी सकाळी, यादोरावजी गेले.

त्यांची मुलगी वैशाली इथं समोर बसली आहे. तेराव्याला तिच्याकडे गेले तेव्हा सहज म्हणाली, "बाबांची बीपीची गोळी बदलली होती काकू, बसल्या जागी झोप लागे." तिला काही माहीत नव्हतं. मी घरी आले आणि दार लावून रडले.

ते कधी कागद लिहून आणत नसत. सगळं डोक्यात असे. वैशालीनं कपाट पाहिलं, वह्या पाहिल्या. काही नाही. म्हणजे ते भाषण गेलं. बापाला नाही म्हणणाऱ्या पोरानं म्हातारपणी बापाबद्दल काय सांगितलं असतं, ते आता जगात कोणालाच कळणार नाही. ऐकायला एकच माणूस बोलावलं होतं, आणि ते माणूस घरी तांदूळ निवडत होतं.

मला फार एकटं वाटते हो. परवा बिरसीच्या एका म्हातारीकडून धानाच्या रोवणीचं गाणं ऐकलं. कधी न ऐकलेलं. लगेच फोन हातात घेतला, आणि मग आठवलं. एवढ्या मोठ्या गावात ते गाणं सांगायला मला दुसरं घर नाही. कोणाला सांगू? तुम्हीच सांगा.

आता निवेदक तुम्हाला दोन मिनिटं उभं राहायला सांगतील. माझी विनंती आहे, ते राहू द्या. यादोरावजींना पाऊण तास हवा होता. मी हा माईक बंद करते. खाली जाऊन पहिल्या रांगेत बसते, आणि पाऊण तास तिथून हलणार नाही. ज्यांना कामं आहेत त्यांनी खुशाल जावं, फक्त आवाज न करता. ज्यांना बसवेल त्यांनी माझ्यासोबत बसावं. कोणीच उरलं नाही तरी चालेल, मी आहे.

यादोरावजी, उशीर झाला. मी आले आहे. बोला.