डोक्यातली मापं

ज्या वर्षी म्हाताऱ्या गवंड्याच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी तो बहिणीला घेऊन दवाखान्यात गेला होता. तिला आत तपासत होते. बाहेर बाकावर त्याच्या शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत होती.

"डॉक्टर नेमकं काय म्हणाले गं?"

"आत्ता विसर थोडकाच आहे म्हणाले. तो वाढणार की इथंच थांबणार, याचा अंदाज रक्तातल्या खुणांवरून येतो."

"अंदाज! म्हणजे मी नजरेनं माप घेतो तसा."

"परवा मास्तरांच्या सदऱ्याला तीन बाह्या कापल्यात."

"एक जादा असू दे म्हटलं."

"चेष्टा पुरे. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं तुमच्या डोक्यात, एकाचं माप कागदावर नाही. रिपोर्ट वाईट आला तर?"

"तर लिहून काढू."

"आणि चांगला आला तर?"

"मग कशाला लिहायचं?"

"अहो, मलाही कधी कापड बेतू द्याल की नाही?"

शिंप्यानं बायकोच्या मांडीवरच्या दवाखान्याच्या फाइलकडं बोट केलं.

"त्या फाइलच्या पाठीवर लिही. पहिलं तुझंच. कंबर सव्वीस."

"इश्श! हे लग्नातलं माप झालं."

"माझ्याकडं तेच आहे."

"आजोबा, रिपोर्ट आलाय. आत चला."

"दोन मिनिटं थांबा हो सिस्टर, वाण्याचं माप चाललंय. लिही गं, छाती चव्वेचाळीस."

पुढं गवंड्याचे सदरे त्याच शिंप्याच्या दुकानातून येत. शेवटशेवटचे शिंपीणबाईंनी बेतलेले असत. शिंपी आठ वर्षांनी, हिवाळ्यात, झोपेत वारला.