लेआंद्रोचे डोळे

—तिथं नको गं, त्या फळीवर नको, कालचा निळा अजून वाळला नाही, स्कर्टचं वाटोळं होईल. ही बादली घे, पालथी घाल, हां, बस. आता बोल — नाही, नकोच बोलूस, काय म्हणायचंय ते ठाऊक आहे मला, आख्खी वस्ती तेच म्हणतेय. सकाळी दॉन ताचो काय म्हणाला ऐकलंस? मी रंगवतेय ती भिंत त्याच्याच दुकानाची, तोर्तियांसाठी, मक्याच्या भाकऱ्यांसाठी लोक इथंच रांग लावतात, आणि हा बाबा दारात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणतो, "कूका, बाकी सगळं झालं, आणि पोराच्या तोंडावर डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग ठेवलेस. माझी गिऱ्हाइकं दचकतात." हसले सगळे. मीपण हसले. काय करणार? म्हातारीचा हात गेला म्हणतात. म्हणू देत बापडे.

हात कुठं जातोय. ही हनुवटीची खळी बघ — तुझ्या लेआंद्रोचीच आहे की नाही? एका झटक्यात काढलीय, फोटो न बघता. लहानपणापासून इथंच तर वाढला माझ्यासमोर, ताचोच्या दारातली गरम तोर्तिया पळवून शिडीखाली बसून खायचा मेला. कॉलर मात्र तीनदा पुसली मी. कॉलरीत काय आहे एवढं? काही नाही. आणि तो कान — कान मुद्दाम मोठा काढला होता, म्हणजे मग दुरुस्तीला तेवढेच दिवस — मुद्दाम म्हणजे, मुद्दाम असं नाही गं. तू जरा इकडं सरक, ऊन येतंय तोंडावर.

उद्या रविवार, माहीत आहे. पाद्री येणार, भिंतीवर पवित्र पाणी शिंपडणार, लारेडोहून तुझे दीर-जावा निघालेत, बार्बाकोआचं मटण सांगून ठेवलंस, खुर्च्या चर्चमधून आणायच्यात — सगळं माहीत आहे. आणि तुला लेकानं तुझ्याकडं बघायला हवंय. एवढंच ना? एवढंसंच मागणं आहे आणि मी ते देत नाही. कोमाद्रे म्हणवते स्वतःला तुझी, तुझ्या पोराची धर्ममाता, धाकट्या रामिरोला बाप्तिस्म्याला या हातांत धरलं मी, आणि त्याच्या थोरल्या भावाला डोळे देत नाही. चांडाळीण म्हणशील तर म्हण.

आता माझी रीत तुला नवी नाही. डोळे शेवटी. ती वरची अक्रोडासारखे पेकान सोलणारी बाई बघ, ताचोची आजी, बोटं फुटेस्तोवर सोलायची आणि मग एक दिवस टोपली उपडी करून संपावर बसली — तिचेही शेवटीच काढले. पोरांना मी काय सांगत आले? की डोळे काढले म्हणजे ते माणूस आपल्यात येऊन उभं राहिलं, त्याला सगळं दिसतं, आता त्याच्यासमोर शिवी द्यायची नाही, चोरी करायची नाही. कशाला सांगायचं असलं? अगं, पोरं टिकावीत म्हणून. शाळेतून उंडारलेली ही पोरं, हातात ब्रश दिला की घटकाभर बसतात आणि मग पळतात, पण उद्या डोळे काढणार म्हटलं की उद्या येतात. मग मी गोष्ट लावते. रंगवता रंगवता सांगायची, अर्धी ठेवायची. गोष्ट अर्धी आणि डोळे कोरे — एवढ्या दोन गोष्टींवर मी या गल्लीतली पोरं धरून ठेवली. बाकी आहे काय माझ्याकडं? ना नवरा, ना घर धड.

आणि तुझा रामिरो तर न चुकता येतो. भाऊ गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. ब्रश धुतो, रंग कालवतो, बोलत नाही कुणाशी. मला वाटलं, चला, पोरगं दुःख जिरवतंय, बरं झालं. देवाचे आभार मानले मी, वेडी कुठली. मग त्या दिवशी मी पांढरा घेतला, डोळ्यांना हात घालणार, तर हा मागून म्हणतो, "माएस्त्रा, डोळे झाले की मला आधी सांगा." म्हटलं का रे? म्हणाला, "मग लेआंद्रोला दिसेल." काय दिसेल? "मी काय करतो ते. त्यानं बघितल्याशिवाय नाही करणार." इतक्या शांतपणे, देल्फिना, जसं काही दुकानात जाऊन दूध आणतो म्हणतोय. आणि मग नाव घेतलं. त्या रेल्वेपलीकडच्या फाबियानचं.

सांगायचं नव्हतं मला हे. तुला तर नव्हतंच. एक पोरगा पुरून आलेली बाई तू, तुझ्या कानात हे कसं ओतायचं? आणि दुसऱ्या कुणाला सांगू? पोलिसांना? ते पोराला वाचवायला येतात होय? नेतात, आणि मग आपण खिडकीच्या काचेतून बोलत बसायचं. रामिरोला समजावलं मी, हातापाया पडायचं बाकी ठेवलं, तो हो-हो करतो आणि ब्रश धुतो. मग मला काय येतं? उशीर करता येतो. कॉलर पुसली, कान वाढवला, गोष्टी लांबवल्या — ताचोच्या आजीचा संप मी असा ताणला की खरा संपसुद्धा एवढा चालला नसेल. माझा आजा सरहद्दीची नदी ओलांडून आला ते सांगितलं, त्याचं गाढव आलं ते सांगितलं. पोरं हसतात, रामिरो ऐकतो. कधीकधी मध्येच विचारतो, मग काय झालं? तेव्हा तो पंधरा वर्षांचा दिसतो गं. पण संपल्या गोष्टी. कालची तर मी बनवूनच सांगितली आणि त्याला कळलं. बघितलं माझ्याकडं त्यानं.

आणि तो फाबियान — लेआंद्रोला गोळी त्यानंच घातली, हे कुणी पाहिलं? पोरं म्हणतात. असेलही. मी काही त्याची वकिली करत नाहीय. पण हे खालचं पाणी दिसतंय, हे नदीचं? ते त्यानं रंगवलंय, लहान असताना, जीभ बाहेर काढून, याच बादलीवर उभा राहून. तुझा लेआंद्रो डबा धरून होता खाली. हे मी फाबियानच्या आईलाही सांगते, कारण तीही येते इथं, अंधार पडताना, भीत भीत. मला विचारते, डोळे कधी काढणार? म्हणजे तिलाही कळलंय. तू चिडू नकोस, मी काही तिला—

थांब. तू चिडली नाहीस. तू दचकलीही नाहीस. मी एवढं सांगतेय, आणि तू आपली मांडीवर हात ठेवून बसलीयेस. देल्फिना. तुला माहीत होतं?

कधीपासून? ...गादीखाली पिस्तूल? लेआंद्रोच्या की रामिरोच्या? आणि काय केलंस तू — हातात घेतलंस? आणि परत तिथंच ठेवलंस? चादर नीट करून?

अगं बाई.

म्हणजे तू डोळे मागायला आलीस ते लारेडोच्या माणसांसाठी नाही, पाद्रीसाठीही नाही. बोल की. नाही, आलं लक्षात, कुणीतरी भरपाई द्यायला हवी, तुझ्या पोटातली आग मला काय कळणार, मला मूल नाही — बोललीस ते, बरं झालं, इतकी वर्षं सगळे मनात बोलतात, तू तोंडावर बोललीस. नाही मला मूल. म्हणून मला रामिरो काय, फाबियान काय, दोघंही सारखेच. पण एक सांग, रामिरो गेल्यावर — मेला नाही तर आत गेला, काहीही म्हण — त्याचं तोंड कुठं काढू? जागा दाखव. आणि फाबियानची आई उद्या याच बादलीवर येऊन बसेल डोळे मागायला, तिला काय सांगू? भिंत संपली म्हणून?

शिडी धर. धरत नाहीस? नको धरू, पडले तर पडले.

पांढरा नाही घेतलेला, बरोबर बघतेयस. हा गालाचा रंग आहे. पापणीला काय लागतं? एक वळण लागतं. हे एक. ओरडू नकोस, हात हलतो. ठाऊक आहे मला, भिंतीवर कुणाला डोळे मिटून काढत नाहीत, प्रेत म्हणतात त्याला, आजवर या वस्तीत कुणी काढलं नाही. ताचो भिंत पुसायला लावेल. पाद्री पाणी शिंपडायला कचरेल, तुझे दीर थुंकतील, तू जन्मात माझ्या दारात येणार नाहीस. नको येऊस. शिव्या दे, आणखी दे, माझ्या आईला दे, ती मेलीय. हे दुसरं. खालच्या पापणीला जरा सावली... रडवू नकोस मला आता, नीट दिसत नाहीय.

झालं. पूर्ण झालं चित्र. नीट बघ एकदा — तापात निजायचा तसा निजलाय की नाही?

तो आला बघ कोपऱ्यावर. ये रे रामिरो. ये, असा समोर उभा राहा. हो, झालं, सही केली की संपलं. नाही राजा, नाही दिसणार त्याला. तू आज काहीही केलंस तरी नाही दिसणार, उद्याही नाही. तुझ्या भावाला झोप लागलीय. ...ओरड. ओरडून घे. ब्रश मारायचाय मला? मार.

नाही? मग खाली ठेव, आणि आईला हात दे. जा दोघं घरी. मला शिडी आवरायचीय.

आणि देल्फिना — या वेळी चादर नीट करू नकोस. जा.